लाकूड आहे, झाड नाही

“म्हणजे हे लाकूड नाही म्हणतोस?”

अप्पांनी तळहातावरची कांडी उजेडाकडे धरून विचारलं. करंगळीच्या पेराएवढी कांडी, गुळगुळीत, पिकल्या केळ्यासारखी पिवळी.

“लाकूड आहे, अप्पा,” विरूपाक्ष म्हणाला. “पण झाड नाही.”

हे वाक्य त्याला टेकडी चढतानाच सुचलं होतं. ते बोलायची वेळ इतक्या लवकर आली म्हणून त्याला बरं वाटलं.

अप्पांनी कांडी नाकाशी नेली. दाताखाली धरून पाहिली...

“कुठून आणलं?”

“कारखान्यातून.”

“कारखान्यानं कुठून आणलं?”

“आरागिरणीतून. भुसा असतो तो. लाकूड कापताना खाली सांडतो. नाहीतरी वाऱ्यावर जायचा.”

“तू पाहिलास?”

“काय?”

“वाऱ्यावर जाताना.”

विरूपाक्ष हसला. अप्पा हसले नाहीत.

उदगीरच्या पुढं, जिथं मराठी बोलता बोलता माणूस नकळत कानडीत शिरतो, त्या भागातल्या एका उजाड टेकडीवर हा मठ होता. मठ लहान, स्वयंपाकघर मोठं. दर सोमवारी जो येईल त्याला जेवू घालायचं, हा तिथला नेम. त्याला दासोह म्हणत. नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, भूक तेवढी विचारायची. मठाचे स्वामी गुरुपादप्पा. सगळे त्यांना अप्पाच म्हणत.

विरूपाक्ष लातूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. नोकरी सोडून तो मठात आला, तेव्हा सामान फारसं आणलं नव्हतं. आपलंच बरोबर असण्याची सवय मात्र सोबत आली होती.

आल्या आल्या त्याला खटकली ती मठाची चूल. गावकरी बाभळीच्या फांद्या तोडून आणत. ओली लाकडं धुमसत. गॅसच्या टाक्या टेकडीवर वेळेवर चढत नसत. जन्मभर त्या चुलीपुढं बसलेली नीलाक्का पदरानं डोळे पुसत डाळ घोटायची, आणि खोकला आला की तोंड फिरवून खोकायची.

“या मठासाठी इथून पुढं एकही झाड तुटणार नाही,” विरूपाक्षानं एका सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं.

अप्पा तेव्हा एवढंच म्हणाले होते, “नीलाक्काच्या डोळ्यांचं बघ.”

त्यानं पंख्याची शेगडी आणवली. तिच्या तोंडातून भुशाच्या दाबलेल्या कांड्या टाकायच्या, खालून पंखा वारा घालतो, ज्योत निळसर पेटते, धूर जवळजवळ नाहीच. दुकानदार त्यांना पेलेट म्हणत. नीलाक्का कांड्या म्हणायची.

मग सुरू झाली निवड. विरूपाक्षानं ठिकठिकाणचे नमुने मागवले आणि ओसरीवर ओळीनं मांडले. कॉलेज सुटलं होतं, पण परीक्षा घेण्याची हौस सुटली नव्हती. एकेक कांडी तो पाण्यात टाकी. तरंगली की नापास, नीट दाबलेली नाही. बोटांनी मोडून बघे. पिशवीच्या तळाशी चुरा साठला असेल तर नापास. एका नमुन्याचा धूर डोळ्यांत झोंबला. त्यात प्लायवूडचा डिंक होता, तो त्यानं उंबऱ्याबाहेर फेकला. जवळच्याच बाजारगावातला एक नमुना तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, आणि सुताराकडच्या भुशाचा होता. मळकट, तपकिरी. जळाला चांगला, पण मागं मूठभर राख राहिली आणि शेगडीच्या तळाला वीटभट्टीतल्या खंगरासारखे गोळे चिकटले.

“हे राखेचं पोतं आहे,” तो म्हणाला आणि तोही बाजूला सारला.

शेवटी सीमेपलीकडच्या एका कारखान्याचा माल आला. पिवळाधमक. पाण्यात टाकताच तळाला गेला. जळून गेल्यावर राख फुंकरीनं उडाली. त्यानं लगेच टेम्पोभर पोती सांगितली. तीच आज टेकडीवर चढली होती, आणि त्यातलीच कांडी अप्पांच्या दाताखाली होती.

अप्पांनी ती बाहेर काढून त्याच्या हातावर ठेवली.

“सोमवारच्या आत जाऊन ये.”

“कशाला, अप्पा? माल तर आला.”

“भुसा वाऱ्यावर कसा जातो ते बघून ये...”

एसटीनं सीमा ओलांडून विरूपाक्ष कारखान्यात पोचला, तेव्हा उन्हं चढली होती. मालक इराप्पा मोठा अगत्यशील माणूस. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, मठाचं नाव ऐकून हात जोडले.

“भुसा बघायचाय,” विरूपाक्ष म्हणाला.

“बघा की वो सर. लपवायचं काय त्यात?”

शेडमागं आवार होतं. एका कोपऱ्यात भुशाचा ढीग होता. बैलगाडीत मावेल एवढा. बाकी सगळं आवार ओंडक्यांनी भरलेलं होतं. दोघेजण कोयत्यानं साल सोलत होते. सोललेलं खोड एका यंत्राच्या जबड्यात जाई आणि पलीकडून पिवळा भुसा उडे.

वरच्याच थरात चिंचेचं एक खोड पडलं होतं. जुनं झाड असावं. कवेत मावलं नसतं. एका फांदीला अजून पानं होती, हिरवी. विरूपाक्षानं कापलेल्या तोंडावर हात ठेवला. ते गार लागलं. हात उचलला तर चिकट ओल तळव्याला आली.

“तुम्ही फोनवर भुसा म्हणाला होतात,” तो म्हणाला. आवाज चढला होता.

“भुसाच आहे की. आम्हीच करतोय.”

“मला वाटलं, गिरणीत सांडलेला...”

“तो कुठला आता?” इराप्पानं चहाचा पेला त्याच्याकडं सरकवला. “आधी गिरणीवाले म्हणायचे, न्या बाबा, पाया पडतो, जागा अडतीय. आता बॉयलरवाले, हॉटेलवाले, भट्टीवाले सगळे त्याच्याच मागं. भाव आला की कचरा कचरा राहतोय व्हय?”

विरूपाक्षानं पुन्हा त्या चिंचेच्या खोडाकडं पाहिलं.

“आणि राग नका मानू, सर. तुम्हीच सांगितलेलं. साल नको, काडी नको, राख चिमूटभर नको, रंग पिवळा पाहिजे. तसला माल झाडून काढलेल्या भुशातनं निघत नाही वो. सोललेल्या खोडातनंच निघतोय.”

चहा तसाच राहिला. येताना एसटीत विरूपाक्षानं खिडकी लावून घेतली. बाहेर रस्त्याच्या कडेला झाडं होती, आणि त्याला ती बघवेनात.

तो आल्या आल्या थेट अप्पांपुढं उभा राहिला.

“तुमचं खरं ठरलं, अप्पा. ती कांडी म्हणजे झाडच आहे. चिंचेचं उभं, जिवंत झाड. मी पाप आणलं मठात.”

“बस. पाणी पी.”

“पाणी नको. मी ठरवलंय. ती पोती परत जातील. आणि निर्दोष जळण सापडेपर्यंत या मठात काही जळणार नाही.”

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं...

“बाभूळसुद्धा नाही?”

“काहीच नाही. एकदा कळल्यावर कसं जाळायचं?”

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, हे विरूपाक्षाला कळलं नाही. त्यानं होकाराची धरली.

सोमवार उजाडला. विरूपाक्षानं सगळी तयारी स्वतः केली. भिजवलेली मूगडाळ आणि काकडीची कोशिंबीर, केळी, गूळ-खोबरं, दह्यात कालवलेले पोहे. माणसं येत गेली, पंगती बसत गेल्या. कुणी तक्रार केली नाही. मठाचा प्रसाद, हात जोडून घेतला. पण दरवेळी डाळीच्या वासानं जो एक गलका व्हायचा, तो झाला नाही. माणसं लवकर उठली. नीलाक्का भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि हात मोकळे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं.

दुपार कलता कलता एक म्हातारी आली. मागून तिची सून, कुशीत तान्हं बाळ. दवाखान्यातून घरी निघाली होती. फाट्यावर गाडी चुकली आणि सोमवार आहे हे आठवून दोघी टेकडी चढून आल्या होत्या.

“बाबा, वाईच कढत पाणी मिळंल का?” म्हातारी म्हणाली. “बाळंतीण हाय. गार काय देता येत न्हाई तिला.”

“आज चूल बंद आहे, आजी.”

“बंद?” म्हातारीनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. “मठाची?”

विरूपाक्षानं कारण सांगायला तोंड उघडलं. झाडाचं, भुशाचं, चिंचेचं... सून उन्हातच खाली बसली होती. तिचे ओठ सुकलेले होते.

“बरं,” म्हातारी म्हणाली आणि सुनेवर पदराची सावली धरून उभी राहिली.

तिच्या त्या ‘बरं’मध्ये राग असता तर विरूपाक्षाला उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. तो तिथंच थांबला.

तेवढ्यात मागं काही सरकल्याचा आवाज झाला.

अप्पा स्वयंपाकघरात आले होते. परत पाठवायची म्हणून बांधून ठेवलेल्या पोत्यांपैकी एकाची दोरी ते सोडत होते. गाठ सुटेना. त्यांनी ती दातांनी सोडवली. मग खाली बसून दोन्ही हातांची ओंजळ भरली.

“अप्पा!” विरूपाक्ष धावला. “ते काय आहे, माहीत आहे ना तुम्हाला?”

“तूच सांगितलंस. चिंच.”

“मग?”

अप्पांनी ओंजळ कपाळाला लावली. डोळे मिटले...

“मग सांडू नको,” ते म्हणाले. “धर.”

विरूपाक्षानं हात पुढं केले. ते कसे पुढं आले, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. अप्पांनी ओंजळीतल्या कांड्या त्याच्या ओंजळीत ओतल्या. एक निसटून जमिनीवर घरंगळली. अप्पा वाकले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि ती उचलून आणली.

शेगडी पेटली. पाणी ठेवलं. नीलाक्का कधीच उठली होती. तिनं शेपा काढल्या, ओवा काढला, तुपाचा डबा काढला. पाण्यापाठोपाठ पातळ गरम भात झाला. सुनेनं पेला दोन्ही हातांत धरला आणि वाफेवर तोंड नेलं. म्हातारीही जेवली. जाताना तिनं मठाच्या उंबऱ्याला हात लावला, आणि विरूपाक्षाला म्हणाली, “तुमची चूल अशीच पेटती राहू दे, बाबा.”

त्याला मान वर करता आली नाही.

संध्याकाळी तो अप्पांच्या शेजारी जाऊन बसला.

“मला कळत नाही, अप्पा. मी शुद्ध म्हणालो तेव्हा तुम्ही शंका घेतलीत. मी पाप म्हणालो तेव्हा तुम्ही पेटवलंत.”

“हं.”

“यातलं खरं कोणतं?”

अप्पा टेकडीखालच्या शेतांकडं बघत होते...

“दोन्ही वेळा तू मध्ये उभा होतास, विरूपाक्षा. मला चूल दिसेना.”

दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष बाजारगावात गेला. सुतारआळीच्या टोकाला नसीमभाभीचं छोटंसं यंत्र होतं. नवरा पुढच्या खोलीत दारं-चौकटी करायचा, मागच्या खोलीत ती त्याच्या भुशात तुराट्यांचा चुरा मिसळून कांड्या पाडायची. विरूपाक्षाला बघून तिनं यंत्र थांबवलं.

“सर, तुम्ही तर आम्हाला नापास केलं होतं.”

“हो,” तो म्हणाला. “पेपर तपासताना चूक झाली.”

ती हसली. मग लगेच गंभीर झाली. “राख पडेल हां. आधीच सांगते. रोज खरवडायला लागेल.”

“खरवडेन.”

“आणि भुसा आमचा थोडाच. तुराट्या तुम्ही आणून दिल्या तर बघू.”

मग तो गावोगाव हिंडू लागला. तुरीची कापणी नुकतीच झाली होती. बांधाबांधावर तुराट्यांच्या पेंढ्या उभ्या होत्या. पहिल्या दिवशी त्यानं सरळ मागितल्या आणि मठाचं नाव ऐकून लोकांनी सरळ दिल्या. संध्याकाळी टेम्पोत चढून बसताना त्याच्या लक्षात आलं की एका घरची बाई, पेंढ्या टेकवून ठेवलेल्या होत्या त्या रिकाम्या कुडाकडं बघत उभी आहे. तिच्या चुलीशेजारी काहीच उरलं नव्हतं. त्यानं गाडी थांबवली आणि पेंढ्या उतरवून तिच्या दारात रचल्या. ती नको नको म्हणत राहिली.

त्यानंतर तो आधी विचारायचा, “तुमच्या चुलीला पुरून उरल्यात का?” कुठं उरलेल्या असत, कुठं नसत. नसल्या की तो पाणी पिऊन पुढं निघायचा. पूर्वी त्यानं अशा ठिकाणी पर्यावरणावर दोन शब्द सांगितले असते.

पिवळ्या कांड्यांची जुनी पोतीही परत गेली नाहीत. ती सोमवारी सोमवारी, जपून वापरली गेली. इराप्पाला त्यानं फोन केला. भांडला नाही. साल चालेल, राख चालेल, काळा रंगही चालेल, पण खोड नको, एवढं सांगितलं. इराप्पा म्हणाला, “तसलं तर मग तुमच्याच गावात होतंय की, सर. एवढ्या लांबून आमच्याकडं कशाला येताय?” विरूपाक्ष म्हणाला, “तेच. म्हणूनच आता येणार नाही.” दोघेही हसले.

नीलाक्काचा खोकला पुरता गेला नाही, पण कमी झाला. रोज सकाळी शेगडीच्या तळाचे खंगर विरूपाक्ष स्वतः खरवडून काढी. हात काळे होत, नखांत राख अडके. आपल्याला हे काम आवडतं की नाही, हा विचार करायचं त्यानं हळूहळू सोडलं.

तरी एक टोचणी राहिली. गावच्या तुराट्या आटू लागल्या. नसीमभाभीच्या यंत्राला वीज लागायची, गाडीला डिझेल लागायचं. तुराट्या शेतातच कुजल्या असत्या तर मातीला मिळाल्या असत्या, त्याही आपण मातीच्या तोंडातून काढून आणल्या. जितकं खोलात जावं तितका खाली आणखी एक तळ निघे.

एका सोमवारी नीलाक्काला बरं नव्हतं. डाळ विरूपाक्षानंच चढवली होती. मोठं पातेलं, खाली शेगडी फुरफुरत होती. अप्पा भाजी निवडत बसले होते. विरूपाक्षाला राहवेना. डाव हातात तसाच धरून तो त्यांच्याकडं वळला.

“अप्पा, एक विचारू?”

“विचार की.”

“खोड वाईट, ते सोडलं. डिंकाचा भुसा वाईट, तोही सोडला. आता तुराट्या जाळतोय, तर मातीचं काढून घेतोय असं वाटतं. उद्या आणखी काही सापडेल आणि त्याच्यातही काहीतरी निघेल...”

अप्पा मेथीची पानं खुडत राहिले.

“निर्दोष जळण जगात कुठं असतं तरी का, अप्पा? असेल तर मी कुठंही जाऊन आणतो. आणि नसेल तर... नसेल तर माणसानं रोज चूल पेटवायची ती कोणत्या तोंडानं?”

हे त्यानं आधी जुळवून ठेवलेलं वाक्य नव्हतं.

अप्पांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि त्याच्याकडं मायेनं पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. पातेल्यातली डाळ उघडीच रटरटत होती. वाफेचा लोट आढ्यापर्यंत जाऊन कौलांतून बाहेर पडत होता.

“विरूपाक्षा,” अप्पा म्हणाले, “आधी झाकण ठेव.”